प्रतिसाद: इजिप्तची भाकरी कोणत्या गव्हाची?

वर कुणीतरी म्हटलंय की फॅरोंच्या (प्राचीन इजिप्तच्या राजांच्या) काळातली भाकरी आपल्या पोळीच्याच गव्हाची असणार. हे पटत नाही. तिथे मुख्य पीक होतं खपली गव्हाचं, जो सांगली-साताऱ्याकडे आजही पिकतो आणि ज्याची खीर होते. इजिप्तमध्ये तो मागे पडला तो ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात.

फरक नुसत्या चवीचा नाही, कष्टांचा आहे. खपलीची मळणी केली तरी दाणा टरफलातून सुटत नाही. अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहराच्या कामगारवस्तीत घराघरांतून जमिनीत पुरलेली चुनखडीची उखळं सापडली आहेत. पुरातत्त्व-संशोधक डेल्वेन सॅम्युएल यांनी तशा उखळात प्रत्यक्ष कांडून पाहिलं: दाणे थोडे ओलावून कांडले की टरफल सुटतं आणि दाणा बराचसा अखंड राहतो. मग वाळवणं, पाखडणं, चाळणं आणि शेवटी पाट्यावर मागेपुढे घासत दळणं, कारण फिरतं जातं तेव्हा नव्हतं. हे बहुतेक बायकांचं काम. पिरॅमिड बांधणाऱ्यांबद्दल या चर्चेत भरभरून लिहिलं गेलंय, पण त्यांच्या भाकरीमागच्या या हातांचा उल्लेखही नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिलं.