लाकडावर बहिष्कार पुरेसा नाही

जंगलं वाचवायची तर लाकूड वापरणंच बंद करा, असं काही जण म्हणतात. मुद्दा कळकळीचा आहे, पण मला पटत नाही. जंगलं फक्त लाकडासाठी तुटत नाहीत. उष्ण कटिबंधात सर्वाधिक जंगल जातं ते गुरांच्या कुरणांसाठी. पामतेल, सोयाबीन, कोको हेही आहेतच. शिवाय उभ्या जंगलातून उत्पन्न मिळालं नाही, तर जमीनमालक ते साफ करून शेती करणार.

व्यापाराला लगाम घालता येतो. २००६ साली ब्राझीलमधल्या बड्या सोयाबीन व्यापाऱ्यांनी ठरवलं, की ॲमेझॉनमध्ये नव्याने जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही. उपग्रहावरून नजर ठेवली गेली आणि सोयाबीनसाठीची थेट तोड तिथे खूप घटली. शेजारच्या सेराडो या गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशाला मात्र हे संरक्षण नव्हतं. तिथे नांगर चालतच राहिला, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून युरोपीय संघाचा २०२३चा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा लाकूड, पामतेल, सोयाबीन, कोको असा माल त्यांच्या बाजारात चालणार नाही, आणि जमिनीचं नेमकं ठिकाणही द्यावं लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, हे चुकलंच. छोट्या शेतकऱ्यांना ही नोंदणी झेपावी यासाठी खर्च खरेदीदार कंपन्यांनी उचलायला हवा.