लेकरांना घेऊन नदीपल्याडच्या मूळ गावी

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत नागपूरला माहेरी जातेय. बाबांचं मूळ गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद वैनगंगेला मिळते तिकडचं. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी, डोंग्याशिवाय, म्हणजे लहान नावेशिवाय, वाट नाही. बाबांच्या चुलतभावाचं घर तिथं आहे, पण 30 वर्षांत आमच्यातलं कोणी गेलेलं नाही. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावं की राहावं? कधी न पाहिलेल्या माणसांकडे मुक्काम टाकायचा संकोच वाटतो.

*

ताई, राहा. निदान दोन रात्री.

आमचंही गाव वैनगंगेकाठचं. गेल्या डिसेंबरात पोरांना घेऊन गेलो. पहिला दिवस पाय धुण्यात, चहात आणि ‘किती मोठे झाले बाप्पा’ यातच जातो. पोरं आपल्याला चिकटून बसतात. दुसऱ्या सकाळी माझी दोन्ही खळ्यावर होती, तनसीच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगावर, तिथल्या भावंडांसोबत.

एक चूक मात्र आमची झाली. मोठीमायनं मुलीला जवळ घेऊन विचारलं, ‘‘कोनाची व तू, माय?’’ तिनं माझं नाव सांगितलं. मोठीमाय वाट बघत राहिली. तिला माझ्या आजोबांचं नाव हवं होतं आणि पोरीला ते कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर म्हातारी उठली, पोरीचा हात धरून शेताकडे घेऊन गेली आणि तिच्या पणजोबांनी खोदलेली बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, दाखवली. जायच्या आधी बाबांजवळ बसा, पणजोबांपासून खाली सगळी नावं लिहून घ्या, पोरांकडून म्हणवून घ्या.

झाडीबोलीत, म्हणजे तिकडच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीत, ण नाही, ळ नाही. पोरं ‘पानी’, ‘डोरा’ (डोळा) म्हणू लागली तर चारचौघांत सुधारू नका. तसं सुधारलेलं घरच्यांच्या मनाला लागतं, आणि लागायलाच हवं.

डिसेंबरात पाणी ओसरलेलं असतं, तरी वाट कोणती ते काकाजींना फोन करून विचारा. डोंगा लागणार असेल तर पोरांच्या मापाची लाइफ जॅकेटं सोबत न्या. पावसाळ्यात मात्र जाऊच नका. वर गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की वैनगंगा फुगते, चुलबंदचं पाणी मागे तुंबतं आणि गावं तुटतात.

पाणी उकळून, भाजी बेताची तिखट, हे सांगायला लाजू नका. जमलं तर एक रात्र नाटकाला जा. झाडीपट्टीच्या नाटकांचा तो हंगाम, आणि नाटक कंपन्यांचं गाव वडसा त्याच भागात. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. पोरं मांडीवर झोपतील. झोपू द्या, पण न्या.

*

दादा, काल रात्री बाबांना फोन लावला. पणजोबांचं नाव मलाच ठाऊक नव्हतं. ते सांगितलं, मग त्यांच्या भावांची नावं, मग बहिणी कुठं कुठं दिल्या ते. तासभर बोलत होते. शेवटी म्हणाले, मीही येतो. बाबा 75 वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. डोंग्यात त्यांना कसं बसवायचं ते काकाजींना विचारते. मुक्काम दोन रात्रींचा ठरला.