सल्ला हवा: आईला मराठी, सासूबाईंना तमिळ, आणि छत्री एकच

चेंबूरची_चिमणी
मंडळी, पुनर्विकासानंतर नवीन इमारतीत नवव्या मजल्यावर राहायला आलोय. केबलवाल्याची वायर अजून इमारतीत शिरलेली नाही आणि कधी शिरेल ते तोही सांगत नाही. आईला स्टार प्रवाह आणि झी मराठी हवं. सासूबाई माटुंग्याच्या तमिळ, सन टीव्ही नसेल तर त्या दिवशी घरात फिल्टर कॉफी होत नाही. नवरा म्हणतो मोबाइलवर बघा. पण दोघींचे हात रिमोटच्या आकड्यांवर बसलेत. सन डायरेक्टची छत्री, म्हणजे डिश, लावायचा विचार चाललाय. पण ती पडली दक्षिणेतली कंपनी, मुंबईत चालते का नीट?

गिरगावचा_बाळू
छत्री कुठलीही लावा, रिमोट कोणाकडे राहणार ते आधी लिहून घ्या.

माटुंगेकर
ताई, आमच्या गल्लीत निम्म्या गच्च्यांवर तीच छत्री दिसेल. सन टीव्ही १४ एप्रिल १९९३ला, म्हणजे तमिळ नववर्षाला सुरू झाला. छत्रीच्या धंद्यात ते उतरले डिसेंबर २००७मध्ये. भागीदारी ८०:२० अशी, मोठा वाटा सन टीव्हीच्या मालकांचा, मारन कुटुंबाचा, धाकटा मलेशियाच्या अ‍ॅस्ट्रोचा. अ‍ॅस्ट्रो तिकडे १९९६पासून हाच धंदा करत होती, म्हणजे अनुभव उसना नव्हता. तोवर आपल्याकडे डिश टीव्ही (२००३) आणि टाटा स्काय (२००६, आताचं टाटा प्ले) बस्तान बसवून होत्या. उशिरा येण्याचा एक फायदा मात्र झाला. सन डायरेक्टने पहिल्या दिवसापासून एमपेग-४ ही चित्र दाबून लहान करायची नवी पद्धत वापरली, आधीच्यांकडे जुनं एमपेग-२ होतं. नव्या पद्धतीने उपग्रहावरच्या तेवढ्याच जागेत जास्त चॅनल बसतात. माझ्या मते दर कमी ठेवून बाजारात घुसता आलं ते यामुळेच.
मराठीचं म्हणाल तर पॅकच्या नावावर जाऊ नका. आईंचे चॅनल कागदावर लिहा आणि एकेक तपासून घ्या.

पावसाळी_बेडूक
२०१०मध्ये यांचंच बंद पडलं होतं ना?

माटुंगेकर
कंपनीचं नाही, उपग्रहाचं. जुलै २०१०मध्ये इन्सॅट-४बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि निम्मे ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं) बंद ठेवावे लागले. सन डायरेक्टला मग मलेशियाच्या मीसॅट-३वर जावं लागलं. इन्सॅट ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, मीसॅट ९१.५ला. फरक दोन अंशांचा, पण तेवढ्यासाठी लोकांच्या छत्र्या पुन्हा फिरवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०१५मध्ये जीसॅट-१५ अवकाशात गेला, तो परत ९३.५ला.

गच्चीवाला
वीस वर्षं छत्र्या लावतोय, म्हणून थोडं लांबण लावतो. कंपनी नंतर, आधी आभाळ बघा. सगळे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेला, आणि यातले सगळे मुंबईहून पूर्वेकडे कललेले. पश्चिमेच्या गॅलरीत कुठलीच छत्री लागत नाही, कितीही पैसे द्या.
आता कोण किती वर. टाटा प्ले ८३ अंश रेखांशावर, मुंबईतून बघितलं तर क्षितिजापासून जवळपास ६५ अंश उंच. सन डायरेक्ट बरोबर आग्नेयेच्या आसपास, ५७ अंश. एअरटेल १०८ रेखांशाला, बरीच पूर्वेला आणि ४४ अंश उंचीवरच. या शहरात हे आकडे पॅकच्या किमतीपेक्षा मोलाचे, कारण शेजारी टॉवर उभा राहिला की आधी खाली बघणारी छत्री आंधळी होते. पावसाचंही तेच. छत्रीचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे आखूड लहरींचा, धो धो पावसात तो विरतो. तिरका आला की पावसातून जास्त अंतर कापतो. केबलवाल्याच्या मोठ्या, लांब लहरींच्या सी बँड तबकडीला एवढा त्रास होत नाही.

पावसाळी_बेडूक
अगदी. आमच्याकडे (कंपनीचं नाव घेत नाही) पोराने मे महिन्यात छत्री बसवली, चित्र काचेसारखं. जुलैत रोज संध्याकाळी निळा पडदा. तीन तक्रारींनंतर दुसरा माणूस आला, नट ढिला होता म्हणाला. अर्धा वाटीभर गंज काढला त्याने.

गच्चीवाला
म्हणून बसवतानाच मेनूतला सिग्नलचा आकडा बघायचा आणि फोटो काढून ठेवायचा. चित्र स्वच्छ दिसतंय यावर जायचं नाही, डिजिटल चित्र अगदी काठावर येईपर्यंत स्वच्छच दिसतं. गच्चीवरून खाली येणारी वायर अखंड घ्या, मध्ये जोड नको.

हिशेबनीस
पैशाचं कोणी बोललंच नाही. फेब्रुवारी २०१९पासून चॅनलचे पैसे वेगळे आणि जोडणीचं शुल्क वेगळं. तेव्हा शुल्काची कमाल १३० रुपये होती, जीएसटी धरून १५३. २०२४मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ती मर्यादाच काढली, त्यामुळे "शुल्क किती आणि चॅनलचे किती" हे वेगवेगळं विचारा. दुसऱ्या खोलीत जुना टीव्ही असेल तर डीडी फ्री डिश लावा. महिन्याचा छदाम नाही, सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात. पैशाचे चॅनल तिथे नसतात.

गच्चीवाला
आणि फ्री डिशही सन डायरेक्टसारखी जीसॅट-१५वरच, ९३.५. दोन्ही छत्र्या एकाच दिशेला.

चेंबूरची_चिमणी
गॅलरी पश्चिमेचीच निघाली! रविवारी सेक्रेटरीकाकांकडून गच्चीची किल्ली मागून घेतली, मोबाइलवर होकायंत्र धरलं. आग्नेय आत्ता मोकळी आहे. पण शेजारच्या प्लॉटवर, बरोबर त्याच अंगाला, पिवळी क्रेन उभी आहे. गच्ची चौदाव्या मजल्यावर. बोर्डावर २३ मजले लिहिलंय.

गच्चीवाला
किती लांब आहे?

चेंबूरची_चिमणी
भिंतीपासून भिंतीपर्यंत पंचेचाळीस पावलं, खाली चालून मोजली. तीस मीटर धरा.

गच्चीवाला
तुमच्या गच्चीच्या वर नऊ मजले, म्हणजे सत्तावीस मीटरच्या आसपास. तीस मीटरवरून कोन ४२ येतो. ५७ची छत्री आरामात वरून बघेल, ४४वाली काठावर. वर टाकी किंवा लिफ्टची खोली चढली तरी सन डायरेक्टला धक्का नाही. छत्री मात्र गच्चीच्या पश्चिम कठड्याला लावा, तेवढंच अंतर वाढतं.

चेंबूरची_चिमणी
बरं. सासूबाईंनी विचारलंय, बसवणारा शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत येईल ना?