मदत हवी आहे: मृत्यू नोंदी आणि मतदार यादी ताडताना नावं जुळत नाहीत, जुळली तर भलतीच जुळतात

यादीभाग
एका विधानसभा मतदारसंघाची यादी आहे, साधारण तीन लाख नावं. मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने दोन कामं आली आहेत. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींच्या मागच्या तीन वर्षांच्या मृत्यू नोंदींवरून यादीतले मयत शोधायचे. आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रवेश नोंदींवरून यादीत न आलेली १७-१८ वर्षांची मुलं काढायची.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं सूत्र) लावला तर मोजकीच नावं लागतात. दोन्हीकडे डोळ्यांना अगदी सारखं दिसणारं नावही लागत नाही. सैल जुळवणी केली तर एकेका मयतासमोर आठ-दहा जिवंत माणसं उभी राहतात. शिवाय निम्म्या ग्रामपंचायतींच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये आहेत.

प्रश्न असे: सफाई कुठून सुरू करू? आधार क्रमांक मिळवला तर काम सोपं होईल का? आणि किती टक्के जुळलं की नाव वगळायला पाठवायचं?

इनस्क्रिप्ट
आधी जुन्या फॉन्टच्या फायली वेगळ्या करा. श्रीलिपी, कृतीदेव वगैरेंमध्ये आत रोमन चिन्हं असतात, मराठी फक्त फॉन्टमुळे दिसतं. प्रत्येक फॉन्टचा परिवर्तक (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वेगळा, आणि एकाच फायलीत दोन फॉन्ट निघतात, म्हणून कॉलम बघून चालवा. परिवर्तन झाल्यावर शंभरेक ओळी स्वतः वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

‘सारखं दिसतं पण लागत नाही’ हा युनिकोडचा, म्हणजे संगणक अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतो त्यांचा घोळ. सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा. त्याने ‘ऱ’ एकसारखा होतो, पण ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन टाइप केलेलं ‘अॅ’ एक होत नाहीत, ते शोधून बदलावं लागतं. ‘ऑ’चंही तेच. शून्य रुंदीची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हं आणि शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा काढून टाका.

मूळ नावाला हात लावू नका. शेजारी तुलनेसाठी वेगळा कॉलम करा आणि त्यातच ऱ्हस्व-दीर्घ एक करा (सुनिता, सुनीता), ‘पाण्डुरंग’चं ‘पांडुरंग’ करा, ष-श एक करा, कै., श्री., सौ. उडवा. शेवटचे ‘राव’, ‘बाई’ कापायला हरकत नाही, पण बाळासाहेब, भाऊसाहेब, रावसाहेब ही अख्खी नावं आहेत, त्यांची यादी करून ती वाचवा. नाहीतर बाळासाहेबाचा बाळा होतो आणि मग तो कुणालाही लागतो.

अख्खं नाव एका दमात ताडू नका. यादीत आडनाव पुढे, मृत्यू नोंदीत बहुधा मागे. स्वतःचं नाव, वडील किंवा पतीचं नाव, आडनाव असे तीन भाग वेगळे करून प्रत्येकाला वेगळे गुण द्या. पाटील, जाधव, शिंदे जुळल्याचं मोल कमी, विरळ आडनाव जुळल्याचं जास्त. हे वजन हाताने ठरवत बसण्यापेक्षा स्प्लिंक वापरा, पायथॉनमधलं मोफत साधन आहे, ब्रिटनच्या न्याय मंत्रालयातल्या लोकांनी केलेलं. तीन लाख नावं साध्या लॅपटॉपवर होतील, फक्त आधी लिंग आणि आडनावाचं पहिलं अक्षर यांवर गट पाडा आणि एका गटातलीच नावं एकमेकांशी ताडा.

नमुना_सात
टक्केवारीवरून कुणाचंच नाव वगळता येत नाही, ९९ टक्के असले तरी. तुमच्या जुळणीतून बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी जाऊन बघायची यादी तयार होते, तेवढंच. वगळण्याचा निर्णय १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम २२ खाली नोंदणी अधिकारी घेतात.

त्या कलमातली एक गोष्ट नीट समजून घ्या. स्थलांतर किंवा अपात्रतेच्या कारणाने नाव काढायचं तर आधी म्हणणं मांडायची संधी देणं बंधनकारक आहे. मृत्यूच्या कारणाला ती अट नाही, मयताला नोटीस कशी देणार? म्हणजे तुम्ही जिवंत माणसाला मयत म्हणून जुळवलंत, तर ती चूक वाटेत अडवणारी नोटीसही नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावरच कळणार. म्हणून मयताच्या जुळणीला सगळ्यात कडक निकष लावा आणि बीएलओच्या अहवालात घरातल्या किंवा शेजारच्या माणसाचा जबाब आणि मृत्यू दाखल्याचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय पुढे सरकू नका. निर्णय चुकला तर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील असतं, पण ज्याला पत्ताच नाही तो अपील काय करणार.

आधारचा नाद सोडा. नमुना ६ब (मतदाराने आधार क्रमांक कळवायचा अर्ज) ऐच्छिक आहे, आणि आधार दिला नाही म्हणून नाव वगळता येत नाही हे निवडणूक कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीतच लिहिलं आहे. २०१५ ची मतदार यादी-आधार जोडणी मोहीम सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधल्या आदेशानंतर थांबवावी लागली होती. आधार क्रमांकांची एक्सेल तुमच्या पेनड्राइव्हवर असणं हीच मोठी जोखीम.

दोन्ही नोंदवह्या बघायचा अधिकार मात्र पक्का आहे. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांतला नियम ९: जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळा-कॉलेजांचं प्रवेश रजिस्टर नोंदणी अधिकाऱ्याला आणि त्याने नेमलेल्या माणसाला पाहता येतं, माहिती देणं समोरच्याचं कर्तव्य आहे. पत्रात हा नियम लिहा, कॉलेजं कमी कुरकुरतात.

चावडी
वरच्यात एक मुद्दा राहिला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. तालुक्यातले गंभीर रुग्ण जिल्हा रुग्णालयात, पुण्याला ससूनला, मुंबईला केईएमला जातात. त्यांच्या नोंदी तुमच्या फायलीत येणारच नाहीत. उलट नगरपरिषदेच्या हद्दीत मोठं रुग्णालय असेल तर तिच्या रजिस्टरात बाहेरच्या तालुक्यांचे मयत भरलेले असतात, आणि तुमच्या आठ-दहा जिवंतांपैकी बरेच तिथूनच लागत असणार. मृत्यूचं ठिकाण सोडा, कायमच्या पत्त्याचा कॉलम घ्या आणि तालुक्याबाहेरचे आधीच गाळा. बाहेर नोंदलेल्यांसाठी जिल्हा निवडणूक शाखेकडे विचारा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ही माहिती मतदार यादीसाठी देता येते, आणि महानिबंधकांकडून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेणार असल्याचं निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

दुसरं, वय. मृत्यू नोंदीत जन्मतारीख क्वचित, वय अंदाजे. साठीनंतर ६५, ७०, ७५ अशी गोल वयंच जास्त दिसतात. यादीतलं वय अर्हता दिनांकाचं (ज्या तारखेला १८ पूर्ण आहेत का बघतात ती). दोन्हींवरून जन्मवर्ष काढा आणि म्हाताऱ्यांना पाच वर्षांची सूट द्या, तरुणांना दोनच. पण वय रिकामं असेल तर ती जोडी मुळीच पुढे नेऊ नका. कारण आपल्याकडची नावं ठेवायची रीत. आजोबा विठ्ठल दत्तात्रय, मुलगा दत्तात्रय विठ्ठल, नातू परत विठ्ठल दत्तात्रय. आडनाव एक, घर क्रमांक एक, यादीचा भाग एक, तिन्ही नावं शंभर टक्के जुळतात. आजोबांच्या दाखल्यावर नातवाचं नाव उडायला एवढं पुरतं.

यादीभाग
अगदी अशाच जोड्या पहिल्या पानावर आहेत, आणि टक्केवारीत त्याच सगळ्यात वर! कायमच्या पत्त्याने गाळल्यावर ढीग बराच उतरला. आता दोन शंका. लग्न झालेल्या बायकांचं काय करू, मृत्यू नोंद सासरच्या नावाने आणि यादीत माहेरचं? आणि कॉलेजच्या फायलीला हेच निकष चालतील का?

चावडी
यादीत माहेरच्या नावाने राहिलेली नोंद सासरच्या मृत्यू नोंदीशी नावावरून लागत नाही. आईचं नाव आणि जन्मवर्ष यांवरून लावायचा मोह होतो, लावू नका. ती नावं दुबार आणि स्थलांतरितांच्या पडताळणीत बीएलओकडून येऊ द्या, तिथे निदान नोटीस निघते.

इनस्क्रिप्ट
कॉलेजच्या फायलीला निकष उलटे. तिथे जुळणी चुकली, म्हणजे मुलगी यादीत असून तुम्हाला सापडली नाही, तर ती दुसरा नमुना ६ (नव्या नोंदणीचा अर्ज) भरणार आणि दुबार मतदार तयार होणार. म्हणून तिथे सैल जुळवा. थोडंसं जरी साम्य दिसलं तरी अर्ज देण्याआधी बीएलओकडून खात्री करा. सोय एवढी की प्रवेश नोंदीत जन्मतारीख पूर्ण असते. छापील यादीत फक्त वय दिसतं, पण कार्यालयाच्या प्रणालीत तारीख असते, तीच घ्या. नावं इंग्रजीत असतील तर ळ-ल, ण-न, त-ट एक करूनच ताडा. एक खड्डा जुळ्यांचा: आडनाव, वडील, जन्मतारीख, पत्ता एक, आणि नावं प्रणव-प्रणय. सैल जुळणीत दुसरा पहिल्यातच जमा होतो. तारीख आणि वडील जुळून नावात एका अक्षराचा फरक असेल तर ती जोडी वेगळी काढा.

नमुना_सात
आणि सापडलेल्या मुलांची नावं थेट भरायची नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून सरकारी माहितीवरून पत्र पाठवून थेट नोंदणी होते, आपल्याकडे नमुना ६ ज्याचा त्याने सही करून द्यावा लागतो. सतरा पूर्ण झालेल्यांचे अर्ज आगाऊ घ्या, अर्हता दिनांक आता चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. वसतिगृहातल्या मुलांना वसतिगृह की घर हे आधी विचारा. जुनी नोंद दुसरीकडे असेल तर नमुना ६ नको, नमुना ८ (पत्ताबदलाचा अर्ज) द्या. ऑगस्ट २०२२ पासून पत्ताबदल मतदारसंघाबाहेरचा असला तरी त्यावरच होतो.

मयतांच्या फायलीत प्रत्येक नावापुढे कारण, मृत्यू नोंदीचा क्रमांक, काय काय जुळलं आणि बीएलओच्या भेटीची तारीख ठेवा. बिहारमध्ये यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह जाहीर करायला सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं. मागाहून कारणं शोधत बसणं कुणालाच झेपत नाही. आणि बीएलओंना याद्या भागनिहाय, टप्प्याटप्प्याने द्या. निवडणूक लागली तर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर निवडणूक संपेपर्यंत यादीत काहीच घालता-काढता येत नाही, अर्धवट राहिलेला गठ्ठा तसाच पडतो.