लॅटव्हियातील हद्दपारी: बालपणीच्या आठवणी कशा वाचाव्यात?

प्रश्न
सोव्हिएत राजवटीने लॅटव्हियातून सायबेरियात हद्दपार केलेल्या कुटुंबांच्या आठवणी सध्या भाषांतरातून वाचत आहे. निवेदक बहुधा त्या वेळी लहान मुले होती. त्यांना दारावरची थाप, घाईने बांधलेली गाठोडी, मालगाडीचा डबा हे सारे लख्ख आठवते. वडिलांची आठवण मात्र रेल्वे स्थानकापाशीच तुटते. असे का होते? आणि अशा आठवणींवर इतिहास म्हणून कितपत विसंबावे?

प्रतिसाद १
आपण १४ जून १९४१ च्या हद्दपारीविषयी वाचत असावात. तेव्हा सुमारे १५,४०० लोकांना नेण्यात आले. पुरुषांना वेगळे काढून व्यातलाग, उसोल्लाग अशा श्रमछावण्यांत धाडले आणि बायकामुलांची रवानगी सायबेरियातील क्रास्नोयार्स्क, नोवोसिबिर्स्क या भागांत झाली. छावण्यांतील कित्येक जण पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच उपासमारीने व आजाराने दगावले, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. पण वडील केव्हा आणि कुठे गेले, हे अनेक मुलांना समजले ते सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर, म्हणजे उतारवयात.

प्रतिसाद २
वरील उत्तराला एक पुरवणी. २५ मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या मोठ्या लाटेत लॅटव्हियातून ४२,००० हून अधिक लोक नेले गेले. सामुदायिक शेतीला असलेला शेतकऱ्यांचा विरोध मोडणे आणि जंगलातील सशस्त्र प्रतिकारकांचा आधार तोडणे, हा त्यामागील हेतू होता. या वेळी कुटुंबे सहसा एकत्र पाठवली गेली, त्यामुळे त्या आठवणींत वडील पुढेही भेटतात. निवेदन कोणत्या वर्षाचे आहे, हे आधी पाहावे. भाषांतरित संकलनांत दोन्ही लाटांची सरमिसळ झालेली असली, तर वाचक हमखास गोंधळतो.

प्रतिसाद ३
विश्वासार्हतेविषयी माझे मत असे की, तारखा आणि गाड्यांचे मार्ग यांसाठी दप्तरे पाहावीत, परंतु उपासमार कशी सोसली, परभाषेच्या शाळेत मूल कसे रुळले, हे दप्तरांत सापडणार नाही. हद्दपारांनी बर्च झाडाच्या सालीवर लिहिलेली पत्रे लॅटव्हियाच्या संग्रहालयांत जतन केलेली आहेत. ती त्याच काळातली असल्याने नंतरच्या कथनाशी ताडून पाहता येतात. शिवाय १९४१ च्या हद्दपारांत ज्यू कुटुंबेही होती. काही आठवड्यांतच लॅटव्हियात नाझी आले, त्यामुळे सायबेरियात जगून निघालेल्या ज्यू माणसाच्या कथनात त्या प्रवासाचा अर्थ फार गुंतागुंतीचा होतो, आणि तो एका सुरात वाचू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. माझ्याकडील निवेदने वर्षानुसार वेगळी करून पाहिली. वडील स्थानकापाशी हरवतात ती सगळी १९४१ चीच निघाली.