प्रतिसाद: नोटेचा कागद

'नोटा साध्या कागदाच्या, म्हणून लवकर फाटतात' असं वर कुणीतरी लिहिलंय. ते पटलं नाही. आपली नोट शंभर टक्के कापसाच्या लगद्याची असते, लाकडाच्या नव्हे. म्हणून तर धुण्यात गेलेली नोट वाळवून पुन्हा चालते! वर्तमानपत्राचा तर लगदाच होतो.

दहाची नोट लवकर मरते, कारण ती दिवसभर हातोहात फिरते. घाम, तेल, घड्या. पाचशेची बिचारी कपाटात सुखात राहते.

ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची नोट काढली आणि 1996 पर्यंत सगळ्याच नोटा बदलल्या. बँक ऑफ इंग्लंडच्या मते पॉलिमर नोट किमान अडीचपट टिकते. आपल्याकडेही कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला, भुवनेश्वर इथे दहाच्या पॉलिमर नोटांची चाचणी ठरली होती. ती व्हायलाच हवी होती, असं मला मनापासून वाटतं.