हायस्कूलच्या हेल्मेटवर कॉलेजचा लोगो: चालेल की नाही?

रेषाकार
अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचा (हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) मोसम सुरू झाला की शुक्रवारी रात्री हे हमखास दिसतं. शाळा लहानशा गावातली, पण हेल्मेटवर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा 'मोशन डब्ल्यू' हे अक्षरचिन्ह, कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा पॉवरकॅट (रानमांजराचं तोंड), नाहीतर ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचं लंबगोलातलं 'जी' हे अक्षर. रंग तेवढा बदललेला. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे.

ही चित्रं आपोआप उगवलेली नाहीत. पॉवरकॅट 1989 साली त्याच विद्यापीठातले कलाशिक्षक टॉम बुकवॉल्टर यांनी काढला, प्रशिक्षक बिल स्नायडर यांच्या नव्या संघासाठी. एका संघासाठी घेतलेली मेहनत दुसऱ्याने न विचारता उचलायची आणि मुलांना मात्र शिकवायचं की निबंध कॉपी करू नका, हे मला पटत नाही.

दुसरं कारण खर्चाचं. 'आमचा लोगो वापरू नका' असं विद्यापीठाचं पत्र आलं की तो काढावा लागतो, आणि लोगो कुठे बसवलाय त्यावर सगळं अवलंबून. हेल्मेटवरचं स्टिकर सोपं: विनाइल थोडं गरम केलं की सुटतं. फक्त डिंक काढायला कसलंही सॉल्व्हंट वापरू नका, पॉलिकार्बोनेटचं कवच त्याने कमकुवत होतं. हेल्मेट कंपनीने सांगितलेलंच वापरा. जर्सी तशाही काही वर्षांनी बदलतात.

खरी गोची जिमच्या फरशीची. मेपलच्या लाकडावर आधी सीलरचे दोन हात, त्यावर रेषा आणि मधला लोगो, त्यावर फिनिशचे दोन हात. म्हणजे लोगो फिनिशच्या खाली गाडलेला असतो. दरवर्षी वरवर घासून नवा हात देतात त्यात तो निघत नाही, कोऱ्या लाकडापर्यंत घासावं लागतं. मधलं वर्तुळच घासलं तर तिथे खळगा पडतो आणि जुनं पिवळसर झालेलं लाकूड शेजारी असल्याने ठिगळ लांबून दिसतं. त्यामुळे अख्खी फरशी करावी लागते, आणि लाकूड घासायलाही मर्यादा आहे: फळीच्या खाचेच्या वर जेमतेम 6 मिलिमीटर. एका उसन्या चित्रापायी त्यातली एक घासणी फुकट जाते.

मैदानाकाठचा
असहमत, आणि बऱ्यापैकी तीव्रतेने.

ट्रेडमार्कचा पाया काय, तर ग्राहकाचा गोंधळ होऊ नये. गावातल्या मैदानावर बसलेल्या कुठल्या आजीला वाटतं की समोर विस्कॉन्सिनचा संघ खेळतोय? पोरं सोळा-सतरा वर्षांची, तिकीट शाळेच्या खिडकीवर, पाटीवर शाळेचं नाव.

आणि उसनवारी काय हायस्कूलनीच सुरू केली? जॉर्जिया विद्यापीठाचा 'जी' पाहा. पॅकर्सचा 1961 चा, जॉर्जियाचा 1964 चा. ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठाचाही तसाच. मोठ्यांनी एकमेकांचं घेतलं तर ती परंपरा, आणि लहान शाळेने घेतलं की चोरी? हा न्याय मला मान्य नाही.

आधी वीस-तीस वर्षं गप्प बसायचं आणि मग अचानक वकिलाचं पत्र पाठवायचं, हे तर फारच. त्या काळात शाळेचे किती माजी विद्यार्थी ते चिन्ह छातीवर घेऊन वाढले! त्यांच्यासाठी ते विद्यापीठाचं नाही, त्यांच्या गावाचं आहे.

दाव्याची_तारीख
दोघांच्याही मांडणीत दुरुस्ती हवी.

@मैदानाकाठचा, जॉर्जियाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. जॉर्जियाचे प्रशिक्षक व्हिन्स डूली यांनी पॅकर्सना विचारून ते चिन्ह घेतलं. ग्रॅम्बलिंगलाही पॅकर्सची परवानगी आहे. वाद उसनं घेण्याचा नाही, न विचारण्याचा आहे.

गोंधळाबद्दल: 1946 च्या लॅनहॅम कायद्यात (अमेरिकेचा ट्रेडमार्क कायदा) 'हा तोच संघ आहे का' एवढाच प्रश्न नसतो. 'यांचा त्यांच्याशी काही संबंध किंवा त्यांची मान्यता आहे का' हाही असतो. मैदानावर हा प्रश्न उठत नाही हे मान्य. पण बूस्टर क्लब (शाळेच्या संघासाठी निधी जमवणारं मंडळ) तेच चित्र टी-शर्टवर छापून विकतो तेव्हा तो शर्ट विद्यापीठाच्या अधिकृत शर्टाच्या शेजारी येऊन बसतो. रंग बदलूनही सुटका होईलच असं नाही, आणि उलट रंगच अंगाशी येऊ शकतात. स्मॅक अ‍ॅपरल या टी-शर्ट कंपनीच्या खटल्यात 2008 साली पाचव्या सर्किट कोर्टाने (फेडरल अपील कोर्ट) एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि इतर विद्यापीठांच्या बाजूने निकाल दिला. त्या शर्टांवर विद्यापीठांचे लोगो नव्हतेच. त्यांची रंगसंगती आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे मजकूर होते.

आता शाळांच्या बाजूचं. 'पत्र पाठवलं नाही तर आमचा ट्रेडमार्कच जाईल' असं विद्यापीठं सांगतात, ते ताणलेलं आहे. एका शाळेकडे दुर्लक्ष केल्याने हक्क जात नाही. शेकडो जणांकडे वर्षानुवर्षं केलं तर चिन्ह दुबळं होतं. फार उशीर केला तर शाळेला उशिराचा बचावही घेता येतो. 'आमचं चिन्ह प्रसिद्ध आहे, म्हणून गोंधळ नसला तरी मनाई' हा डायल्यूशनचा दावाही सहज टिकत नाही. टेक्सास विद्यापीठाने केएसटी इलेक्ट्रिक या कंपनीवर लाँगहॉर्नच्या (लांब शिंगांचा बैल, विद्यापीठाचं चिन्ह) चित्रावरून दावा केला, त्यात 2008 साली फेडरल कोर्टाने हा मुद्दा नाकारला: क्रीडाप्रेमींत प्रसिद्ध म्हणजे देशभरच्या सामान्य ग्राहकांत प्रसिद्ध, असं होत नाही. गोंधळाचा मुद्दा मात्र कोर्टाने जिवंत ठेवला.

पत्र आलंच तर फेकू नका आणि घाबरून सगळं उखडूही नका. आधी यादी करा: जर्सी, स्टिकर, फरशी, कुस्तीच्या मॅट, बसगाड्या, लेटरहेड, वेबसाइट. विक्री त्याच दिवशी थांबवा, कारण पैशाचा मुद्दा तिथेच असतो. मग उरलेल्याला मुदत मागा: जर्सी झिजेपर्यंत, फरशी पुढच्या ठरलेल्या घासणीपर्यंत. बहुतेक विद्यापीठांना हायस्कूलशी कोर्टात लढायचं नसतं, त्यामुळे मुदत मिळते. ती लेखी घ्या.

शाई_आणि_कापड
छपाईच्या बाजूने एक गैरसमज खोडून काढायलाच हवा. 'वीस टक्के बदललं की चालतं.' कोणी तीस टक्के म्हणतं. असा कुठलाही नियम नाही. टक्के मोजणार कसे आणि कशाचे? पाहणाऱ्याच्या मनावर एकूण ठसा तोच पडतो का, हे पाहतात.

तसंच 'तोंड उलट्या बाजूला फिरवलं' हेही कामाचं नाही. हेल्मेटची स्टिकर मुळातच डावी-उजवी अशी जोडीने येतात, दोन्हीकडून प्राण्याचं तोंड पुढे दिसावं म्हणून. म्हणजे तुमचं उलटं चित्र विद्यापीठाच्याच हेल्मेटच्या दुसऱ्या गालावर आधीपासून असतं!

इंटरनेटवरून उचललेली फाइल छापायलाही वाईट असते. 300 पिक्सेलचं चित्र मोठं करून पाठीवर छापलं की कडा दातेरी होतात. मग कोणीतरी ते हाताने पुन्हा गिरवतं, आणि दरवर्षी वेगळा छापणारा वेगळं गिरवतो. त्यामुळे एकाच शाळेच्या टोपीवर, जर्सीवर आणि बसवर तीन निरनिराळी वाघाची तोंडं दिसतात.

मैदानाकाठचा
@दाव्याची_तारीख, परवानगीचा मुद्दा मान्य, जॉर्जियाबाबत मी चुकीचं उदाहरण घेतलं. पण मग विद्यापीठांनी परवानगीचं दार उघडं ठेवायला नको का? 2010 च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठाने फ्लोरिडातल्याच पाम बीच गार्डन्स हायस्कूलला गेटर (मगरीसारखा ॲलिगेटर) लोगो सोडायला लावला. शेजारची शाळा, त्यांच्याच भावी विद्यार्थ्यांची! वर्षाला एक डॉलरचं लायसन्स दिलं असतं तर काय बिघडलं असतं? 'फक्त जर्सी आणि मैदान, विक्री नाही' अशी एका पानाची अट पुरे होती. लहान शाळेकडे चित्रकाराला द्यायला पैसे नसतात. प्रशिक्षकच इतिहास शिकवतो आणि तोच मैदानावर चुना मारतो.

दाव्याची_तारीख
काही विद्यापीठं असं नाममात्र लायसन्स देतात, आणि सगळ्यांनी द्यावं असं मलाही वाटतं. अडचण एवढीच की लायसन्स दिलं की दर्जावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही येते. लायसन्स देऊन पाठ फिरवली तर त्याला 'नेकेड लायसन्सिंग' म्हणतात आणि त्यात हक्क खरोखर जाऊ शकतो. दोनशे शाळांच्या जर्सी तपासायला माणूस लागतो. म्हणून त्यांचा लायसन्स विभाग सरसकट नाही म्हणून मोकळा होतो. कारण समजण्यासारखं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही.

पुण्याहून_वाचक
आपल्याकडे शालेय क्रिकेटमध्ये हा प्रश्न फारसा दिसत नाही. मुंबईच्या हॅरिस किंवा गाइल्स शिल्डला मुलं पांढऱ्या कपड्यांवर शाळेचं बोधचिन्ह लावून उतरतात. पण गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धांत आयपीएल संघांचे लोगो सर्रास असतात. ते चालतं का?

दाव्याची_तारीख
कोणी पकडत नाही म्हणजे चालतं असं नाही. भारताच्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम 29 व्यापारातल्या वापराला लागू होतं. आपापसात खेळणाऱ्यांच्या बाबतीत ते ताणावं लागेल, पण प्रायोजक घेऊन, प्रवेश फी लावून, शर्ट विकून स्पर्धा भरवली की तो बचाव दुबळा होतो.

रेषाकार
पैसे नसतात हे खरं, पण स्वतःचं चिन्ह करायला लागतात त्यापेक्षा उसनं काढायला जास्त लागतात. टायगर्स, ईगल्स, वाइल्डकॅट्स ही नावं कोणा एकाची नाहीत, ती खुशाल ठेवा. चित्र तेवढं आपलं हवं. गावाची खूण त्यात येऊ द्या: पाण्याची टाकी, नदीचं वळण, बंद पडलेली गिरणी.

पहिला आराखडा एकाच रंगात करा; काळ्या-पांढऱ्यात उभं राहत नाही ते रंगांनी सावरत नाही. 2 सेंटिमीटरला छापून पाहा आणि मैदानाच्या पलीकडून पाहा. टोपीवर उंचीला साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासच जागा मिळते. भरतकामात 1 मिलिमीटरपेक्षा बारीक रेष आणि 5 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर नीट उतरत नाही, म्हणून टोपीसाठी मिशा आणि दात कमी केलेली वेगळी आवृत्ती ठेवा. मग पँटोन क्रमांक (छपाईतल्या रंगछटांचे ठरलेले क्रमांक) ठरवा आणि व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा न बिघडणारी) शाळेच्या कार्यालयात ठेवा, प्रशिक्षकाच्या लॅपटॉपवर नको. अमेरिकन ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध फुकट आहे. तिथे चित्रं डिझाइन कोडने शोधता येतात, प्राण्यांचा वर्ग 03. हे जिमची फरशी रंगवण्याआधी करा.

शाई_आणि_कापड
यात एक भर. चित्र विद्यार्थ्याने किंवा बाहेरच्या चित्रकाराने काढलं असेल तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, पैसे दिले असले तरी. शाळेच्या नावे हक्क लिहून घ्या, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची सही घ्या. एआयकडून काढून घेतलेल्या चित्राला तर अमेरिकेत माणसाच्या हातच्या कामाशिवाय कॉपीराइटच मिळत नाही, म्हणजे शेजारच्या शाळेने ते जसंच्या तसं उचललं तर निदान कॉपीराइटच्या आधारे तुम्हाला अडवता येणार नाही.